आधी गच्ची, मग एसी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



जमलेल्या निधीतून वरच्या मजल्यावरच्या वर्गांना एसी बसवावेत, अशी सूचना आली आहे. सूचनेमागची माया कळते. तरी पैसे आधी गच्चीवर खर्च करा, एवढं सांगायला मी उभी आहे. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, पण पदवी इंजिनिअरिंगची आहे. उष्णतेचं गणित अजून विसरले नाही.

अकोल्याचा उन्हाळा आपल्याला नवा नाही. सकाळपाळीची शाळा, जूनअखेर उघडणारी विदर्भातली शाळा, या सगळ्या उन्हाशी केलेल्या तडजोडी. पण २०२५ मध्ये राज्यभर एकच वेळापत्रक लागलं आणि पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलअखेरपर्यंत गेल्या. पोरं भर उन्हाळ्यात पेपर लिहीत होती.

वर्ग नुसत्या हवेने तापत नाही. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि काही तासांनी तेच खाली मुलांच्या डोक्यावर सोडतो. म्हणून तळमजला बरा वाटतो आणि वर सावलीत बसूनही डोकं तापतं. पंख्याने हे जात नाही. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून तापली की पंखा गरम वाराच फेकतो. घाम वाळून थोडं बरं वाटतं, पण घाम यायला पोटात पाणी हवं. मुलींनी शाळेत पाणी का पिऊ नये, हे इथल्या सगळ्या मुलींना आठवत असेल. स्वच्छतागृहाचा खर्चही याच हिशेबात धरा.

एसी त्या तापलेल्या स्लॅबशी भांडत बसेल आणि बिल शाळा भरेल. कूलर आपल्या कोरड्या हवेत उत्तम, पण त्याला उघडी खिडकी लागते आणि टाकीभर पाणी. आपल्याकडे उन्हाळ्यात नळ कधी येतो, ते मी काय सांगू!

गच्चीला पांढरा चुना दिला की बरंचसं ऊन तिथूनच परत जातं. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी सरकारी धोरणच आणलं. चुना पावसात धुपतो, म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत पुन्हा द्यावा लागेल. रंग जास्त टिकतो, पण महाग, आणि धूळ बसली की तोही धुवावा लागतो. पश्चिमेच्या खिडक्यांना दुपारी वाळ्याचे पडदे आणि रात्री उघड्या ठेवता येतील अशा जाळ्या, एवढं झालं की उरलेल्या पैशांत एसीचं बोलू.

पहिल्या वर्षीच्या चुन्याचा खर्च माझ्याकडे. पुढच्या वर्षासाठी नाव कोण देतंय?