सहावीचं दप्तर उघडून बघा
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं भाषण)



पोरगी पाचवी झाली की घरात बोलणं निघतं, "लिहिता-वाचता येतंय, बास की आता." म्हणून सहावीत काय शिकवतात, ते सांगते.

पाचवीपर्यंत परिसर अभ्यास असतो. सहावीला विज्ञान, भूगोल, इतिहास-नागरिकशास्त्र वेगळं होतं. गणितात शेकडेवारी, नफा-तोटा, बँक व सरळव्याज येतं. समजा, गटातून 5,000 रुपये घेतले, व्याज महिन्याला शेकडा 2. म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याज 100 रुपये. सावकार शेकडा 5 लावतो, तिथं 250 होतात. हा फरक पोरगी वहीवर मांडून दाखवेल.

नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, हा आपला हक्क तिला कळायला नको का? विज्ञानात पोषण आणि आहार आहे. आपली ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, डाळ अंगाला काय देते, ते त्यातून समजतं. भूगोलात खडक आहेत. विहीर खणताना लागतो तो काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, थंड झालेला लाव्हा.

पाचवीला थांबवली, तर हे सगळं हुकतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे. धाकट्याला सांभाळायला किंवा ऊसतोडीला न्यायला तिचं नाव शाळेतून सुटता कामा नये.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं पाचवी झालेल्या मुलींची यादी आणा. जी सहावीला गेली नाही, तिच्या घरी आपण चौघीजणी मिळून जाऊ.