दंड घातलेलं लुगडं

आई गेल्यानंतर तिच्या ट्रंकेत एक हिरवं इरकली लुगडं सापडलं. उलगडलं तर मधोमध वीतभर फाटलेलं. ताई म्हणाली, "पुसायला होईल." मला काही ते पटेना. मी ते रफूवाल्या चाचांकडे नेलं.

चाचांनी ते उजेडाकडे धरलं आणि परत दिलं. "भोक भरेन हो, पण भोवतालचं कापडच विरलंय. टाका धरणार कशाला?"

मंडळी, रफू म्हणजे फाटलेल्या कडा दोऱ्याने आवळायच्या, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. चाचांनी हातातली पँट दाखवली. तिच्याच आतल्या दुमडीतून त्यांनी धागे उसवून घेतले होते. फाटल्या जागेच्या बाहेर, धड कापडात टाके सुरू करायचे. गाठ मारायची नाही. आधी उभे धागे भरायचे, मग आडवा धागा एकाखालून, एकावरून न्यायचा. वळताना धागा जरा सैल ठेवायचा, म्हणजे कापड चुणत नाही. सुईनं केलेलं विणकामच ते! पण भोवती धड कापड हवं.

मग आठवला दंड. विरलेला भाग पन्हाभर कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे. आमच्या घरी आईची बहुतेक लुगडी अशीच होती. मी सातवीत असताना बक्षीस समारंभाच्या दिवशी तिला म्हटलं होतं, "दंडाचं लुगडं नेसून शाळेत येऊ नकोस." ती आलीच नाही. दुसरं धड लुगडं नव्हतं तिच्याकडे, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

दंड मी हातानंच घातला. मशीनची घट्ट टीप जुन्या सुताला कापते. काठाला काठ जुळवून आधी सुलट बाजूनं बारीक धावदोरा घातला. मग उलटवून दुसरी शिवण घातली, म्हणजे सुटे धागे आत बंद होतात. दोन संध्याकाळी गेल्या. अंगुस्तान न घालण्याचा शहाणपणा केल्यामुळे बोटही चांगलंच टोचलं.

नऊवारीचं आठवारी झालं. संक्रांतीला तेच नेसले. ताई भोवती फिरून दंड शोधू लागली. म्हटलं, "काठाजवळ दोन टाके वाकडे गेलेत, तिथं बघ."