वेगाचे मैदान

उज्जयिनी ही काळ मोजणाऱ्यांची नगरी. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी आपल्या गणिताची मध्यरेषा याच नगरीवरून कल्पिली. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने क्षिप्रेकाठी वेधशाळा उभारली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या कारकीर्दीत, १९२३ साली, तिचा जीर्णोद्धार झाला. फ्रीगंजातील टावर चौकाला ज्याच्यावरून नाव पडले तो घड्याळाचा मनोराही त्याच परंपरेतला धाकटा वंशज म्हणता येईल. सूर्याची छाया पाहून काळ जाणणारी नगरी पुढे काट्यांवरून काळ जाणू लागली, एवढाच काय तो फरक.

परंतु अशा चौकात सायंकाळी जमणाऱ्या तरुणांचे काळाशी असलेले नाते निराळे असते. दोन मोटारसायकली शेजारी येऊन थांबतात. स्वारांची एकमेकांकडे ओझरती नजर जाते. मनगटे पिळली जातात, यंत्रे गुरगुरतात, आणि वाट मोकळी होताच दोघेही बाणासारखे सुटतात. पुढच्या वळणाशी कोण आधी पोचला, एवढ्यावर हार-जीत ठरते. बक्षीस नाही, पंच नाही, नियमही नाही. वडीलधारी माणसे हळहळतात, "काय ही आजकालची पोरे!" असे म्हणतात आणि आपल्या वाटेने जातात.

ही पोरे केवळ आजकालची नाहीत, आणि केवळ आपलीही नाहीत. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात अगदी हेच दृश्य दिसत होते, आणि तेथील वडीलधारीही असेच हळहळत होते. मात्र तेथे काही माणसे हळहळून थांबली नाहीत. त्यांनी या उर्मीला रस्त्यावरून उचलून मैदानात नेले. त्यातून जो खेळ जन्मला त्याचे नाव 'ड्रॅग रेस'. सरळ पट्टी, दोन गाड्या, उभ्या जागेवरून सुरुवात आणि पाव मैलाचे, म्हणजे १३२० फुटांचे अंतर. जी गाडी आधी पोचेल ती विजयी. त्या खेळाच्या जुन्या आठवणी आणि जुनी छायाचित्रे आज तेथे भक्तिभावाने जपली जातात. त्यांच्याकडे मालव्यातून पाहण्यास एक घरचेच निमित्त आहे.

ते निमित्त म्हणजे इंदूरची ड्युसेनबर्ग मोटार. होळकर संस्थानचे अखेरचे अधिपती यशवंतराव होळकर, दुसरे, यांचा जन्म १९०८ चा. ऑक्सफर्डला शिकलेल्या या राजाला नव्या युगाचे विलक्षण आकर्षण होते. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियुस याच्याकडून त्यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत इंदुरात माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला. मॅन रे यासारख्या ख्यातनाम छायाचित्रकाराने त्यांची आणि महाराणी संयोगितादेवींची छायाचित्रे काढली. अशा रसिकाच्या नजरेत अमेरिकेची ड्युसेनबर्ग भरली नसती तरच नवल!

फ्रेड आणि ऑगस्ट हे ड्युसेनबर्ग बंधू जन्माने जर्मन. लहानपणी ते अमेरिकेत गेले, सायकली तयार करता करता मोटारींकडे वळले, आणि शर्यतीचे मैदान हीच त्यांची शाळा ठरली. १९२१ साली फ्रान्समधील ग्रां प्री शर्यत त्यांच्या गाडीने जिंकली. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत त्यांच्या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा मारली. पुढे १९३२ मध्ये त्यांच्या कारखान्याची 'एसजे' ही गाडी निघाली. तिच्या आठ नळकांड्यांच्या यंत्रात हवा दाबून भरणारा पंखा बसविलेला होता. हवा अधिक, म्हणून इंधनाचे ज्वलन अधिक, आणि म्हणून शक्ती अधिक, असे ते साधे गणित. त्या शक्तीचा आकडा ३२० अश्वशक्ती असा सांगितला जाई. ज्या काळात सामान्य मोटारीला शंभराच्या आतच समाधान मानावे लागे, त्या काळातला हा आकडा आहे.

यशवंतरावांच्या एसजे गाडीचा सांगाडा आणि यंत्र अमेरिकेचे. वरचा साज मात्र लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी चढविला. लांबच लांब नाक, पाठीमागे निमुळता होत गेलेला देह, बसायला जागा जेमतेम दोघांना, आणि रंग केशरी व काळा. १९३६ च्या सुमारास ती तयार झाली, आणि १९३७ साली ड्युसेनबर्ग कारखानाच बंद पडला. पुढे १९४८ मध्ये इंदूर आणि ग्वाल्हेर ही दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. १९६१ साली यशवंतराव निवर्तले. ती मोटार सागरापार आपल्या मायदेशी परतली आणि तेथील संग्राहकांच्या गळ्यातील ताईत झाली. आपल्याकडे उरली ती तिची छायाचित्रे.

त्या छायाचित्रांत गाडी दिसते. तिचा वेग दिसत नाही. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी आखलेल्या त्या काळच्या रस्त्यांवर ३२० अश्वशक्तीला धावायला वाव तरी कितीसा असणार? तिच्याच एका बहिणीचे भाग्य पाहावे. १९३५ साली अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या वाळवंटात ॲब जेन्किन्स या धाडसी चालकाने एक खास ड्युसेनबर्ग चोवीस तास पळविली आणि ताशी १३५ मैलांहून अधिक सरासरी राखली. यंत्राचे कूळ एकच. परंतु एकीला मैलोगणती सपाट मैदान मिळाले, दुसरीला मिळाला राजवाडा. वेगाला नुसते यंत्र पुरत नाही, त्याला जागा लागते, हा धडा या दोन बहिणी शिकवितात.

राजाने वेग विकत घेतला. सामान्य घरातल्या मुलांनी काय करावे? कॅलिफोर्नियातील मुलांनी तो भंगारातून निर्माण केला. फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये आठ नळकांड्यांचे यंत्र सामान्यांच्या आवाक्यात आणले होते. जुनी फोर्ड स्वस्तात घ्यायची, पत्रे उतरवून तिला हलकी करायची, यंत्राची तब्येत स्वतःच्या हातांनी सुधारायची, असा उद्योग घरोघरच्या गॅरेजांत सुरू झाला. या गाड्यांना 'हॉट रॉड' म्हणत. प्रथम ही मंडळी म्युरॉकसारख्या सुकलेल्या सरोवरांच्या तळांवर धावली. १९३७ साली त्यांच्या मंडळांचा एक संघही स्थापन झाला. मग महायुद्ध आले. युद्धावरून परतलेल्या तरुणांच्या हाती विमाने आणि रणगाडे दुरुस्त करण्याचे कसब होते आणि अंगात धोक्याची सवय मुरली होती. सरोवरे दूर होती. रस्ता दाराशी होता. रात्रीच्या वेळी चौकाचौकांतून शर्यती झडू लागल्या. अपघात झाले. वृत्तपत्रांनी या मुलांना गुंड ठरविले.

या ठिकाणी वॉली पार्क्स या गृहस्थाचे नाव आदराने घ्यावे लागते. 'हॉट रॉड' मासिकाचा हा संपादक. मुले वाईट नाहीत, त्यांची जागा चुकलेली आहे, ही त्याच्या विचाराची दिशा होती. १९५० साली सांता ॲना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या होत्या. १९५१ मध्ये पार्क्सने राष्ट्रीय संघटना स्थापन केली, आणि १९५३ च्या एप्रिलात पोमोना येथे तिची पहिली अधिकृत शर्यत झाली. विशेष हे, की पोमोनाचे पोलीस या कामात विरोधक नव्हते, साथीदार होते. बड कून्स हा तेथील पोलीस कर्मचारी तर पुढे संघटनेचा प्रचारकच झाला. १९५४ साली तो आणि त्याचे तीन सोबती एक मोटार आणि मागे जोडलेला गाडा घेऊन देशभर हिंडले. गाडीची तपासणी कशी करावी, प्रेक्षकांना किती दूर ठेवावे, वेळ कशी मोजावी, हे त्यांनी गावोगावच्या मुलांना शिकविले. आपल्याकडचे कीर्तनकार जसे गावोगाव नीती सांगत फिरत, तसे हे सुरक्षिततेचे कीर्तनकार!

त्या चौघांत एरिक रिकमन हा छायाचित्रकार होता. आज त्या काळाचे जे रूप डोळ्यांपुढे उभे राहते, त्यातला मोठा वाटा त्याचा आणि त्याच्यासारख्यांचा. बाह्या दुमडलेली पोरे यंत्रावर वाकलेली आहेत. झेंडेवाला निशाण फडकवीत जमिनीवरून उंच उसळला आहे. चाकांखालून पांढरा धूर निघतो आहे. आणि पट्टीच्या अगदी कडेला माणसांची दाट भिंत उभी आहे. ही शेवटची गोष्ट आज पाहताना अंगावर काटा येतो. एक चाक निखळले असते तर? पुढे कठडे आले, प्रेक्षक मागे सरले, गाड्यांना थांबविण्यासाठी हवाई छत्र्या आल्या, १९६३ मध्ये झेंडेवाल्याच्या जागी दिव्यांचा खांब आला. एकापुढे एक ठेवलेली ही चित्रे म्हणजे माणसाने शहाणपण कसे टप्प्याटप्प्याने मिळविले, त्याची बखरच होय.

या बखरीतले एक पान विशेष प्रसिद्ध आहे. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचजवळील लायन्स पट्टीवर डॉन गार्लिट्स या अग्रगण्य चालकाच्या गाडीतील शक्ती चाकांकडे नेणारी पेटी स्फोट पावली. गाडीचे दोन तुकडे झाले, आणि गार्लिट्सच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्या क्षणाचे छायाचित्र उपलब्ध आहे. तोवर यंत्र चालकाच्या पुढे असे, आणि स्फोट झाला की तो त्याच्या अंगावरच येई. रुग्णशय्येवर पडल्या पडल्या गार्लिट्सने विचार केला तो पुढच्या गाडीचा. यंत्र चालकाच्या पाठीमागे बसवून १९७१ साली तो पुन्हा उतरला आणि जिंकला. थोड्याच वर्षांत सर्वांनी तीच रचना उचलली. एका पावलाची किंमत देऊन पुढच्या पिढीचे प्राण वाचले.

आणखी एक नाव सांगितले पाहिजे, ते शर्ली मल्डाउनी या स्त्रीचे. सर्वांत वेगवान श्रेणीचा परवाना मिळविणारी ती पहिली स्त्री. तो तिला १९७३ मध्ये मिळाला, आणि १९७७, १९८० व १९८२ अशी तीन वर्षे तिने त्या श्रेणीचे अजिंक्यपद पटकाविले. घड्याळ चालकाचे लिंग, जात वा कूळ विचारीत नाही. ते फक्त वेळ सांगते.

मैदान मिळाले म्हणून मृत्यू टळला, असे मात्र कोणी समजू नये. २००८ च्या जून महिन्यात स्कॉट कॅलिटा हा चालक शर्यतीच्या पात्रता फेरीत मरण पावला. त्यानंतर संघटनेने सर्वांत वेगवान गाड्यांसाठी अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणले. पाव मैल हे त्या खेळाचे जणू दैवत होते. माणसाच्या प्राणापुढे त्या दैवतालाही मागे सरावे लागले. मैदान आणि रस्ता यांतला खरा भेद येथे आहे. मैदानावरील मृत्यूनंतर नियम बदलतो; रस्त्यावरील मृत्यूनंतर वर्तमानपत्राचा दिवस बदलतो.

आपल्या देशात हे अगदीच घडले नाही, असे नाही. मद्रासजवळील शोलावरम येथे महायुद्धकाळातल्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत. २०१० नंतरच्या दशकात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या. आणि मालव्याने तर आता वेगाच्या बाबतीत गरीब असल्याचे सोंग करू नये. पिथमपूर येथे २०२१ साली वाहनपरीक्षणासाठी ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान मार्ग खुला झाला. यशवंतरावांच्या ड्युसेनबर्गला जे मैदान लाभले नाही, ते आज इंदूरच्या उंबरठ्यावर आहे.

उणीव आहे ती मैदान आणि मुलगा यांना जोडणाऱ्या माणसांची. कायदा आहे. रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड पाच हजार रुपयांपर्यंत गेला, आणि अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तरीही २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण आहे. दंडाची पावती मुलाला थांबवू शकेल. पण त्याच्या हातातील कसबाला ती दिशा देऊ शकत नाही. ते काम पोमोनातल्या पोलिसासारख्या पोलिसाचे, कारखान्यातल्या जाणत्या मिस्त्रीचे, तंत्रशाळेतल्या शिक्षकाचे आणि गावातल्या मोटार मंडळींचे आहे. गाडी उघडून पाहणाऱ्या मुलाला 'हात काळे करू नकोस' म्हणण्याऐवजी 'हा रोधक आधी तपास' असे सांगणारा कोणी तरी त्याच्या शेजारी उभा राहिला पाहिजे.

अमेरिकेतील त्या जुन्या चालकांपैकी कित्येक जण पांढऱ्या केसांनिशी आपली तरुणपणीची छायाचित्रे नातवंडांना दाखवू शकले. धुराने माखलेला चेहरा, हातात लहानसा चषक, आणि पाठीमागे स्वतः जोडलेली गाडी. आपल्या गावांतूनही वेगवान मोटारसायकलीवर ऐटीत बसलेल्या तरुणांची छायाचित्रे घराघरांत आहेत. त्यांतली कितीतरी भिंतीवर टांगलेली आहेत, आणि त्यांना हार घातलेला आहे. ती भिंतीवरून उतरविता येणार नाहीत. परंतु उद्या काढली जाणारी छायाचित्रे मुलाने स्वतः म्हातारपणी नातवंडांना दाखवावीत, एवढी तजवीज करणे अजून समाजाच्या हाती आहे.