पावलांचा हिशेब आणि मधुमेहाचा उंबरठा
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषणाचा संपादित अंश)



उपाशीपोटीची रक्तशर्करा १०० ते १२५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असलेले अनेक जण आपल्या बाह्यरुग्ण विभागात येतात. त्यांना मधुमेह झालेला नसतो, पण शर्करा निर्दोषही नसते. या मधुमेहपूर्व अवस्थेत काहीच दुखत-खुपत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही, तर उंबरठ्यावर उभे असलेले सुमारे १३ कोटी ६० लाख लोक आहेत.

अशा व्यक्तीला आम्ही ‘रोज चालत जा’ असे सांगतो. सल्ला योग्य असला तरी मोघम असतो. आज किती चालणे झाले, मागच्या आठवड्यापेक्षा अधिक की उणे, याची नोंद कोणाजवळच नसते. तंत्रज्ञान उपयोगी पडते ते येथे. पावले मोजणारे पेडोमीटर १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आले. ‘दहा हजार पावले’ हा आकडा त्या यंत्राच्या नावातूनच रूढ झाला. तो वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. तेव्हा प्रत्येकाने तोच गाठावा, असा आग्रह नको.

इंग्लंडमधील लेस्टर येथे भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे. तेथील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहपूर्व अवस्थेतील एका गटाला चालण्याविषयीच्या शिक्षणासोबत पेडोमीटर आणि ज्याच्या-त्याच्या सवयीनुसार पावलांचे उद्दिष्ट दिले. दुसऱ्या गटाला शिक्षण दिले, पण यंत्र नाही. वर्षानंतर, केवळ माहितीपत्रक मिळालेल्यांच्या तुलनेत, पेडोमीटरच्या गटाची ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांची शर्करा सुमारे २४ मिलिग्रॅमने अधिक उतरली. यंत्र नसलेल्या गटात असा लक्षणीय फरक आढळला नाही.

आपल्या देशात डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ५३७ पुरुषांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. आहार-व्यायामाचा सल्ला सर्वांनाच दिला होता. निम्म्यांना पुढे भ्रमणध्वनीवर नियमित लघुसंदेश जात राहिले. दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्के, तर मिळालेल्यांपैकी १८ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला.

तथापि एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. लेस्टर व केंब्रिज येथील १,३६६ व्यक्तींच्या अभ्यासात पेडोमीटर, लघुसंदेश आणि दूरध्वनी यांची जोड देण्यात आली होती. पहिल्या वर्षी दररोजची पावले सुमारे ५५० ने वाढली. चार वर्षांनी मात्र तो लाभ टिकलेला दिसला नाही. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. यावरून मी एवढाच बोध घेतो की, हे काम एका वर्षाच्या उपक्रमात उरकणारे नाही.

म्हणून देणगीदारांना माझी नम्र विनंती आहे. यंत्रे वाटण्याची कल्पना चांगली आहे, परंतु एकदाच्या खरेदीपेक्षा दरवर्षीची तरतूद अधिक मोलाची ठरेल. नोंदवही ठेवणारी, ‘या महिन्यात पावले का घटली?’ असे आपुलकीने विचारणारी एक आरोग्यसेविका या कामासाठी कायम हवी.

रुग्णांनी काय करावे? पहिला आठवडा नेहमीप्रमाणे वागून रोजची पावले लिहावीत. नंतर दर पंधरवड्याला पाचशेची भर घालत तीन हजारांपर्यंत वाढ करावी. ती साधारण अर्ध्या तासाच्या चालण्याइतकी होते. भ्रमणध्वनीत सोय नसेल, तर घड्याळ लावून मिनिटे लिहिली तरी चालेल. छातीत दुखत असेल किंवा पायाला जखम असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना भेटावे. पुढील तपासणीस येताना ही वही सोबत आणावी. रक्ताच्या अहवालाइतक्याच लक्षपूर्वक आम्ही ती पाहू.