जन्माचा ताण आणि पाठीचा कणा

तान्हें मूल कां रडतें, हा प्रश्न ज्या घरांत एकदां शिरला त्या घराची झोंप गेलीच म्हणून समजावें. भूक नाहीं, दुपटें ओलें नाहीं, ताप नाहीं. तरीहि दिवेलागणी झाली कीं मुठी आवळून, पाय पोटाशीं घेऊन तें आकांत मांडतें. अशा वेळीं जो कोणी खात्रीनें कारण सांगेल त्याचें म्हणणें आईबापांना पटतें. हल्लीं एक कारण असें सांगितलें जातें कीं, जन्मतांना बाळाच्या मानेला हिसका बसतो, मणके जागचे सरकतात, मज्जातंतू दाबले जातात, आणि म्हणून तें रडतें. हलक्या हातानें मणके जागीं बसविले म्हणजे सारें ठीक होतें. ह्या उपचारास कायरोप्रॅक्टिक म्हणतात. श्रोतेहो, ह्या म्हणण्यांत खरें किती आणि मानलेलें किती, हें आज पाहूं. मी वैद्य नव्हें. ३५ वर्षें मुलांना शिकविलेला एक मास्तर आहें. पण उत्तरापेक्षां रीत तपासण्याची संवय त्या धंद्यांत लागते, ती सुटत नाहीं.

जन्माचा प्रसंग बाळाला ताण देणारा असतो, हें अगदीं खरें. अरुंद वाटेनें येतांना डोक्याचीं हाडें एकमेकांवर थोडीं सरकतात. त्यासाठींच तीं सुटीं असतात, आणि माथ्यावरची टाळू भरून यावयास दीड वर्षाचा सुमार लागतो. परंतु हा ताण निव्वळ वैरी नव्हे. कळांच्या वेळीं बाळाच्या रक्तांत ॲड्रिनॅलिन आणि तत्सम द्रव्यांचा लोट येतो. त्यामुळें फुप्फुसांतील पाणी शोषलें जातें आणि बाळ जन्मतांच सावध असतें. कळा सुरू होण्यापूर्वीं शस्त्रक्रियेनें जन्मलेल्या बालकांत आरंभीं श्वास जलद चालण्याचें प्रमाण अधिक आढळतें, त्याचें एक कारण हेंच.

क्वचित् खरी इजाहि होते. खांदा अडकला तर मानेंतून हाताकडे जाणारे मज्जातंतू ताणले जातात आणि हात लुळा पडतो. पण ती इजा डोळ्यांना दिसते, बालरोगतज्ज्ञ ती तपासतात, आणि बहुतेक मुलांचा हात पुढें सुधारतो. सर्व रडण्याच्या मुळाशीं असलेला तो सरकलेला मणका मात्र कोणत्याहि चित्रांत खात्रीनें दाखवितां आलेला नाहीं.

ही कल्पना आली कोठून? अमेरिकेंत आयोवा राज्यांतील डॅव्हनपोर्ट गांवीं डॅनियल डेव्हिड पामर नांवाचे गृहस्थ चुंबकशक्तीनें रोग बरे करण्याचा व्यवसाय करीत. १८९५ सालीं त्यांनीं हार्वी लिलार्ड ह्या बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकूं येऊं लागलें, असें जाहीर केलें. आतां कानाचा मज्जातंतू कवटीच्या आंतूनच मेंदूकडे जातो. पाठीच्या कण्याशीं त्याची गांठच पडत नाहीं. तरी १९१० च्या आपल्या ग्रंथांत पामर ह्यांनीं शंभरांतील ९५ रोग सरकलेल्या मणक्यांमुळें होतात, असें लिहून टाकलें. इतका नेमका आंकडा कोणत्या वहींतून काढला असेल, असें माझ्यासारख्याला वाटल्यावांचून राहत नाहीं.

पण उगमावरून उपचार निकालांत काढणें न्यायाचें नव्हे. तो पारखावयास हवा. नॉर्वेंतील बर्गेन शहरांत तशी पारख झाली, आणि तिचा वृत्तांत २००१ सालीं प्रसिद्ध झाला. फार रडणाऱ्या तान्ह्या मुलांच्या दोन तुकड्या केल्या. एका तुकडींतील मुलांच्या कण्यावर उपचार झाला. दुसरींतील मुलांना परिचारिकेनें दहा मिनिटें नुसतें धरून ठेविलें. कोणतें मूल कोणत्या तुकडींत, हें आईबापांना कळूं दिलें नाहीं. उपचार झालेल्या ४६ मुलांपैकीं ३२ सुधारलीं. आणि नुसतें धरलेल्या ४० पैकीं २४. एवढ्याशा संख्येंत इतका फरक योगायोगानेंहि पडतो. पुढें २०१२ सालीं अशा सहा प्रयोगांतील ३२५ मुलांचा एकत्र विचार झाला, तेव्हांहि खात्रीचा लाभ ठरला नाहीं.

मग पुष्कळ आयांना गुण आल्यासारखा कां वाटतो? रडणें दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातें, सहाव्याच्या सुमारास कळसास पोंचतें, आणि तीनचार महिन्यांत आपोआप ओसरतें. माणसें उपाय शोधूं लागतात तीं कळसाच्या वेळीं. त्यानंतर जें कांहीं करावें त्याला यश ठेवलेलेंच!

ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यांत दोन आठवड्यांच्या बाळाला पायांनीं उलटें धरल्याचें चित्रीकरण लोकांनीं पाहिलें आणि गहजब झाला. चौकशींत इजेचीं उदाहरणें थोडींच सांपडलीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण लाभाचा पुरावाहि दुबळाच निघाला. २०१९ सालीं तेथील मंडळानें दोन वर्षांखालील मुलांच्या कण्यावर असा उपचार करण्यास मनाई केली. २०२३ सालीं ती सैल केली, आणि आरोग्यमंत्र्यांनीं हरकत घेतल्यावर २०२४ सालीं पुन्हां लागू केली.

हें ऐकून परक्यांना हंसूं नये. आपल्याकडेहि न्हाऊं घालणारी बाई बाळाचे हातपाय उलटसुलट ओढते, डोकें दाबून वाटोळें करते, आणि कोठें कोठें पायांनीं धरून लोंबकळवितेहि. तेल चोळण्यास माझी हरकत नाहीं. मऊ हातानें चोळलेलें तेल बाळाला सुखावतें. ज्या मानेला स्वतःचें डोकें तोलत नाहीं तिला हिसके कशाला? घरांतल्या वडील मंडळींस हें सांगणें सुनेला अवघड जातें. म्हणून सांगावें मुलानें.

रडणाऱ्या बाळाला उघड्या छातीशीं धरावें, खांद्यावर घेऊन फिरावें, दिवा मंद करावा. आई अगदीं थकली असेल तर बाळाला पाठीवर निजवून दहा मिनिटें दुसऱ्या खोलींत बसण्यांत पाप नाहीं. पण संतापून त्याला गदागदा कधींहि हालवूं नये, त्यानें मेंदूंत रक्तस्राव होतो. तीन महिन्यांच्या आंतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, हिरवी ओकारी, फुगलेली टाळू, दूध सोडणें, हाक मारूनहि न जागणें, अथवा एकच हात न हालणें, ह्यांपैकीं एकहि दिसलें तर मणक्यांचा विचार बाजूस ठेवून त्याच घटकेला रुग्णालय गांठावें.