कारवानी कुत्रा घरी आणताना



गेल्या पावसाळ्यात पुण्यात आमच्या घरी एक कारवानी कुत्रा आला. वय वर्षा-दीड वर्षाचं. कुणी हौसेनं पिल्लू घेतलं, तिसऱ्या मजल्यावर साखळीला बांधलं, आणि दारं कुरतडू लागल्यावर रस्त्यावर सोडून दिलं. शेजारच्या पोरांनी त्याला भिजलेला, बरगड्या मोजता येतील असा आणला. जो तो म्हणे, "वांड आहे, ठेवू नका." मला वाटतं, तो वांड नव्हता, तो बेकार होता.

हे जनावर कसलं, ते लातूर-धाराशिवकडच्या श्रोत्यांना सांगायला नकोच. लांब पाय, खोल छाती, पोटाशी अगदी बारीक. वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी ही जात. शेजारच्या कर्नाटकातला मुधोळचा कुत्रा याचाच भाऊबंद. 2005 साली आपल्या टपालखात्यानं त्याचं तिकीट काढलं. पिढ्यानपिढ्या या कुत्र्यांनी सशा-हरणांमागे धाव घेतली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आली, आणि ते योग्यच झालं. पण काम गेलं तरी पाय तेच राहिले. त्या पायांना रोज धाव हवी.

म्हणून असा कुत्रा आणण्यापूर्वी घरच्या सर्वांनी बसून एकच हिशेब करावा. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर याला कोण फिरवणार? पावसात कोण, परीक्षेच्या दिवसांत कोण? उत्तर नसेल तर आणू नये. त्यात कमीपणा नाही. आणून पुन्हा सोडणं मात्र वाईट.

आणलाच, तर पहिले काही दिवस त्याला निवांत राहू द्यावं. एक कोपरा, एक पोतं, पाण्याचं भांडं. सगळ्या आळीनं पाहायला येऊ नये. तो आपण होऊन जवळ येईल, तेव्हाच हात लावावा. जनावरांच्या डॉक्टरांना लगेच दाखवावं. आधी लस टोचली की नाही ते कळत नसेल, तर टोचलेली नाही असंच धरावं. पिसाळण्याची लस, जंताचं औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त ही कामं लांबवू नयेत. शहरात महापालिकेचा परवानाही काढावा.

आता आमची चूक सांगतो. या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, त्यामुळं साधा पट्टा सहज निसटतो. वेताळ टेकडीवर मोर दिसला, आणि पट्टा माझ्या हातात, कुत्रा पसार! हाका मारून घसा बसला. या जातीला पळतं जनावर दिसलं की कान बंद होतात. तासाभरानं तो लंगडत आला, पायात बाभळीचा काटा घेऊन. मोर वाचला, आमचं नशीब. तेव्हापासून छातीला बांधायचा रुंद पट्टा आणि लांब दोरी. शेळ्या-कोंबड्यांच्या वस्तीत तर तो मोकळा सोडूच नये.

खाण्याचं म्हणाल, तर भाकरी-दुधावरच याचं भागत नाही. अंडं, मटण हवं. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट देऊ नये, ते कुत्र्याला बाधतं. भरल्या पोटी धाववू नये. अंगावर चरबी कमी, केस आखूड. म्हणून थंडीत अंथरूण-पांघरूण द्यावं. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर आपला तळहात टेकवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल, तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

शिक्षक मित्रांना एक विनंती. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये, हे वर्गात सांगा. चावलाच, तर जखमेवर हळद, चुना, तिखट काही नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करावी. रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर मग बहुधा उपाय उरत नाही. हेही सांगा, की पाळलेल्या जनावराला उपाशी-तहानेलं मरायला सोडणं आणि आखूड साखळीला सतत जखडून ठेवणं, हा 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

तिसऱ्या महिन्यात त्यानं आमची नवी गादी फाडली. मी वैतागून म्हणालो, "आता पुरे, देऊन टाकू कुणाला तरी." तेव्हा आई म्हणाली, "अरे, एकदा टाकलेलं लेकरू आहे ते. पुन्हा टाकशील? आणि तू चार दिवस त्याला फिरवलं नाहीस, ते कोण सांगणार?" मी गप्प बसलो. खरंच चार दिवस पावसाच्या सबबीवर मी घरी राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे छत्री घेऊन निघालो. आज त्याला झोप लागते, आणि मलाही. आमच्या घरची दारं आता शाबूत आहेत.