मोठ्या वाद्याची लहान वाटी

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचें अहमदनगर, या शहरास पितळी वाद्यांचा नाद नवा नाहीं. भिंगारची छावणी शेजारींच. रणगाडादलाचें आर्मर्ड कोअर सेंटर येथेंच आहे. संचलनाचा बॅंड छावणींतला आणि वरातीचा बॅंड गल्लींतला. दोघांचा गणवेष निराळा, बिदागी तर फारच निराळी. परंतु खर्जाचें वाद्य वाजविणाऱ्याची अडचण दोन्हींकडे एकच असते.

हें वाद्य म्हणजे ट्यूबा. विल्हेल्म वीप्रेख्ट व योहान मोरित्झ यांनीं १८३५ सालीं बर्लिन येथें त्याचें पेटंट घेतलें. वीप्रेख्ट हा लष्करी बॅंडाचाच मनुष्य. पुढें अमेरिकेंत या वाद्यास खांद्यावरून अंगाभोवतीं वेटोळें देऊन सूसाफोन निघाला, आणि वरातींत मुलें ज्याकडे तोंड वासून पाहतात तो हाच. पाहणाऱ्याचें लक्ष भोंग्याकडे जातें; वाजविणाऱ्याचें सुखदुःख मात्र ओठांस लागणाऱ्या लहानशा वाटींत, म्हणजे माउथपीसमध्यें, सांठविलेलें असतें.

सनईंत पातळ पत्ती थरथरते व सूर निघतो. तुतारींत आणि ट्यूब्यांत पत्ती नाहीं. तेथें माणसाचे ओठच पत्तीचें काम करितात. त्या ओठांना किती जागा मिळावी हें वाटीची कड ठरविते. कॉर्नेटच्या कडेचा आंतील व्यास सुमारें १६ ते १७ मिलिमीटर, ट्रॉम्बोनचा २५ च्या आसपास, आणि ट्यूब्याचा साधारण ३१ ते ३३. यांतील एका मिलिमीटरचा फरक डोळ्यास दिसत नाहीं. ओठांस तो तात्काळ कळतो.

तरुण वादकाची समजूत अशी कीं, वाटी जितकी मोठी तितका आवाज मोठा. ही समजूत अर्धीच खरी आहे. रुंद व खोल वाटींत खर्ज भरदार लागतो खरा. पण तीस श्वास फार लागतो, आणि दमलेले ओठ वरच्या सुरांवर घसरतात. वाटीच्या तळाशीं असलेलें छिद्र, ज्यास गळा म्हणतां येईल, बहुधा आठ मिलिमीटरच्या आसपास असतें. तें वाढलें कीं श्वासाचा खर्चही वाढतो.

आकाराचा प्रश्न अधिक रंजक आहे. कांहीं वाट्या कटोऱ्यासारख्या गोल बुडाच्या, तर कांहीं नरसाळ्याप्रमाणें निमुळत्या. सूसाच्या बॅंडांतील वादक ऑगस्ट हेलेबर्ग याच्या नांवाची वाटी या दुसऱ्या जातीची. नरसाळ्याचा सूर मऊ, गडद व पसरट. दिवाणखान्यांत किंवा सभागृहांत तो फार शोभतो. कटोऱ्याचा सूर स्पष्ट उमटतो. ढोलताशांच्या गजरांत, उघड्या रस्त्यावर, मऊ सुराचें कौतुक करण्यास कोणी थांबत नाहीं. वरातीच्या वादकास मध्यम खोलीचा कटोराच बरा.

परंतु खरा घात दांड्यांत होतो. वाटीचा दांडा वाद्याच्या नळींत बसतो व तो सुमारें वीस मिलिमीटर लांबीस एक मिलिमीटर याप्रमाणें निमुळता होत जातो. युरोपीय दांडा जाड, अमेरिकन किंचित् बारीक, आणि अनेक जुन्या ब्रिटिश वाद्यांचा त्याहूनही बारीक. आपल्याकडे जुनीं वाद्यें हातोहात फिरतात. वाद्य एका घराण्याचें आणि वाटी दुसऱ्याची, असा विवाह सहज जमतो! बारीक दांडा फार आंत जातो, जाड दांडा बाहेरच अडतो. कित्येकदां मग वाद्य बेसूर होतें, आणि दोष मात्र वादकाच्या माथीं येतो. दांड्यास कागद गुंडाळून केलेला इलाज वरात संपेपर्यंतच पुरतो.

नगरकडचा उन्हाळा कोरडा, आणि लग्नसराईही त्याच दिवसांत. ओठ फुटलेले असतांना अरुंद, धारदार कड रुतते. रुंद व गोलसर कड सोसते, जरी तिच्यावर सूर तितके चपळ फिरत नाहींत. चांदीचा मुलामा उडून पितळ उघडें पडलें असेल तर कित्येकांच्या ओठांस चट्टे उठतात. ओठ सुजले कीं त्या दिवसाची मजुरी बुडाली. अशा वेळीं नवा मुलामा स्वस्त पडतो. उन्हांत न तापणारी प्लास्टिकची वाटीही आतां मिळते. कांहीं वादक तिला नाक मुरडतात, पण भर दुपारच्या वरातींत ती कामास येते.

नवी वाटी घेतांना आपलें वाद्य बरोबर न्यावें, दांडा हलतो कीं काय तें पाहावें, आणि निदान पाव तास प्रथम खर्जांत जोरानें व मग वरच्या सुरांत अगदीं हळू वाजवून पाहावें. पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक नवी वाटी चांगलीच वाटते.